ना टीबी, ना कॅन्सर

चार वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे निवृत्त सुभेदार आमच्या ओपीडीत आले. वय ५४. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारा माणूस. तंबाखू नाही, दारू नाही, शुगर नाही. तरी चार महिन्यांत १४ किलो वजन उतरले होते. खुर्चीतून उठले की घेरी यायची. सोबत आलेल्या पत्नीने जे सांगितले ते आधीच्या एकाही केसपेपरवर कोणी लिहिलेले नव्हते. "मॅडम, ह्यांना हल्ली भाकरीवर मीठ भुरभुरून लागतं. लोणच्याची बरणी आठवड्यात संपते. आणि रंग बघा ना, उन्हात न जाता काळे पडलेत."

मी त्यांच्या हिरड्या पाहिल्या, तळहाताच्या रेषा पाहिल्या. दोन्ही काळवंडलेल्या होत्या. रक्तातले सोडियम कमी, रक्तदाब कमी. सोनोग्राफीत दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी सुजलेल्या दिसल्या. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या या चिमुकल्या ग्रंथी शरीरातल्या मिठाचा तोल सांभाळतात आणि जगायला अत्यावश्यक असे कॉर्टिसॉल तयार करतात. सुभेदारांच्या ग्रंथी बंद पडत चालल्या होत्या. मिठाची ती ओढ म्हणजे शरीराने मागितलेली मदत होती. इथवरचे निदान बरोबर होते. पुढचे चुकले.

दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी सुजल्या आणि वजन उतरले तर भारतात कारण काय? परीक्षेतले उत्तर ठरलेले आहे : टीबी. मला हेच शिकवले गेले आणि मीही माझ्या विद्यार्थ्यांना हेच शिकवत आले. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, थुंकीत काही नव्हते, तरी मी टीबीची औषधे सुरू केली. कमी पडलेल्या कॉर्टिसॉलसाठी स्टेरॉइडच्या गोळ्याही दिल्या, नेहमीच्या मात्रेत. बाराव्या रात्री सुभेदारांना जवळजवळ बेशुद्धावस्थेत आणले गेले. रक्तदाब लागत नव्हता.

टीबीच्या औषधांतले रिफाम्पिसिन यकृताला कामाला लावते. यकृत मग स्टेरॉइडची गोळी भराभर जिरवून टाकते. अशा रुग्णात स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागते. मी वाढवली नव्हती. हायड्रोकॉर्टिसोनची इंजेक्शने आणि सलाईन यांवर पहाटे त्यांनी डोळे उघडले. या चुकीचे खापर दुसऱ्या कोणावर फोडण्याची सोय नव्हती, चिठ्ठीवर सही माझी होती.

त्यानंतर जे आधीच करायला हवे होते ते केले. सीटी स्कॅनच्या साहाय्याने ग्रंथीत सुई घालून तुकडा काढला. तीन दिवसांनी पॅथॉलॉजी विभागातून फोन आला. "मॅडम, टीबी नाही. कॅन्सरही नाही. खाली येऊन बघून जा." सूक्ष्मदर्शकाखाली शरीराच्या पेशी दिसत होत्या आणि त्यांच्या पोटात खच्चून भरलेले बारीक गोल दाणे. चांदीचे क्षार वापरून केलेल्या खास रंगात ते काळे कुळकुळीत उठून दिसत होते. हिस्टोप्लाझ्मा. म्हणजे बुरशी.

एचआयव्हीची चाचणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. मग त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि नोकरी कुठे कुठे झाली ते विचारले. सहा वर्षे उत्तर बंगालमध्ये गेली होती. तिथे एका जुन्या गोदामाचे छत वटवाघळांनी भरलेले होते आणि ते गोदाम साफ करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले होते. हिस्टोप्लाझ्मा ही वटवाघळांच्या आणि पक्ष्यांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढणारी बुरशी आहे. गंगेचे खोरे आणि बंगाल हा तिचा आपल्याकडचा ओळखीचा मुलूख. भारतातल्या पहिल्या रुग्णाची नोंद १९५४ साली कोलकात्यातून झाली. धुळीबरोबर तिचे बीजाणू श्वासात जातात. बहुतेकांना थोडा ताप-खोकला येतो आणि विषय संपतो. काहींच्या शरीरात ती वर्षानुवर्षे दबा धरून बसते. ॲड्रिनल ग्रंथी तिला विशेष मानवतात, कारण तिथे स्टेरॉइडचे प्रमाण भरपूर असते आणि त्यामुळे प्रतिकारक पेशी तिथे थंडावतात, असे मानले जाते. संसर्ग त्याच गोदामातला की दुसरीकडचा, हे सिद्ध करण्याचा मार्ग आता नाही. पण हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता तर पुढचे बारा दिवस टळले असते.

२०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोहोचला. कोविडमधून उठलेली माणसे, वाढलेली शुगर, भरमसाट दिलेली स्टेरॉइड, आणि मग डोळ्यांत, टाळूत, मेंदूत शिरणारी म्युकर. त्या वॉर्डातला वास माझ्या अजून लक्षात आहे. त्या साथीने सर्वांच्या मनावर एक गोष्ट पक्की ठसवली : बुरशी दुबळ्याला गाठते. मधुमेही, केमोथेरपी चालू असलेला, मूत्रपिंड बदललेला, एचआयव्हीबाधित. हे खोटे नाही. पण त्यामुळे झाले असे, की धट्टाकट्टा माणूस समोर आला की बुरशीचा विचारच मनात येत नाही. रुग्णाच्या नाही आणि आमच्याही नाही.

खरे तर बुरशी माणसाला लागत नाही हेच नवल म्हणायला हवे. शास्त्राने नावे दिलेल्या बुरशींच्या जाती लाखाच्या वर आहेत आणि त्यांतल्या काही शेच माणसाला आजारी पाडतात. आपण दिवसभर त्यांचे बीजाणू श्वासातून आत घेत असतो. आपल्याला वाचवतात दोन गोष्टी. एक म्हणजे आपले ३७ अंशांचे गरम रक्त. झाडापानांवर, भिंतीवर, शिळ्या पोळीवर सुखाने वाढणाऱ्या बहुतेक बुरशींना ही उष्णता सोसत नाही. दुसरी म्हणजे पांढऱ्या पेशींची फौज. सुदृढ माणसाला बुरशी लागायची तर तिला यांतले काहीतरी चुकवावे लागते. हिस्टोप्लाझ्मा त्यासाठी रूपच बदलते : मातीत धाग्यांसारखी, शरीराच्या उबेत दाण्यासारखी. काही बुरशी काट्यावर बसून थेट कातडीखाली उतरतात.

माझी अशा बुरशीशी पहिली गाठ पडली ती डॉक्टर होऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा. बाँडची नोकरी म्हणून मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात होते. चार वर्षांच्या मुलाला घेऊन आई आणि आजी आल्या. मुलगा हसरा, खेळकर, अंगाने भरलेला. मांडीवर नितंबापर्यंत पसरलेली सूज, हाताला लाकडासारखी टणक. दुखत नव्हती, ताप नव्हता. सहा महिने ती हळूहळू पसरत होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एकाने टीबीची शंका घेतली होती, दुसऱ्याने मांसाचा कॅन्सर म्हणून मोठ्या शहरात न्यायला सांगितले होते. पाय काढावा लागेल हा शब्द कुठेतरी कानावर पडला होता आणि तेव्हापासून घरात चूल धड पेटत नव्हती. आजी मला 'बाई' म्हणायची. "बाई, पोर धावतंय की हो. कॅन्सरचं पोर असं धावतं?"

तिचा प्रश्न कोणत्याही पुस्तकाइतका चांगला होता. मला उत्तर येत नव्हते. वैद्यकीय महाविद्यालयात मला शिकवलेले एक वयस्कर पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांच्याकडे मी मुलाला चिठ्ठी देऊन पाठवले. त्यांनी आधी सुजेच्या कडेला बोटे लावली आणि ती अलगद कातडीसकट उचलली. सूज इतकी घट्ट आणि तिची कड इतकी स्पष्ट, की तिच्याखाली बोटे घालता येत होती. मग तुकडा काढला. त्यात रुंद, फिक्या धाग्यांभोवती गुलाबी रंगाचा जाडसर वेढा दिसला. त्यांनी मला पोस्टकार्डावर एकच शब्द लिहून पाठवला : बॅसिडिओबोलस.

ही बुरशी बेडूक, पाली, सरडे यांच्या आतड्यात राहते आणि त्यांच्या विष्ठेतून माती-पाचोळ्यात येते. एका जर्मन शास्त्रज्ञाने ती १८८६ सालीच बेडकाच्या विष्ठेत पाहिली होती. माणसातला पहिला रुग्ण मात्र १९५६ साली इंडोनेशियात सापडला. दमट, पावसाळी मुलखातली मुले, उघडे पाय, एखादे खरचटणे किंवा किड्याचा चावा, एवढे तिला पुरते. आजार होतो तो अगदी निरोगी मुलांना.

आणि औषध? पोटॅशियम आयोडाइड. शंभर वर्षांहून जुने, कमालीचे स्वस्त. आमच्या रुग्णालयाच्या औषधनिर्मात्याने काचेच्या बरणीत स्फटिक घातले, ते विरघळायचे थांबेपर्यंत घालतच राहिला आणि वरचे पाणी बाटलीत भरून दिले. थेंबांनी मोजून द्यायचे. चव धातूसारखी घाणेरडी, म्हणून आजी ते गुळाच्या पाण्यात मिसळायची. हे मीठ बुरशीचा नेमका कसा बंदोबस्त करते, याचा पूर्ण उलगडा विज्ञानाला अजून झालेला नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत ते त्या बुरशीला फारसे काही करतही नाही. पण दुसऱ्या महिन्यात मांडी मऊ पडू लागली आणि सहाव्या महिन्यात दोन्ही पाय सारखे झाले. (हे औषध घरी करून पाहायचे नाही. थायरॉइड बिघडते, लाळग्रंथी सुजतात. देखरेखीखालीच द्यावे लागते.)

याच औषधाची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत १९४१ ते १९४४ या काळात सुमारे ३००० मजुरांच्या हातापायांवर फोड उठले. फोडांपासून वर सरकत जाणारी गाठींची माळ. हे सगळे तरणेबांड, निवडून घेतलेले मजूर. शोध घेतल्यावर कळले, की बोगद्याला आधार द्यायला लावलेल्या लाकडी खांबांवर स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी वाढत होती आणि जाता-येता अंग घासले की ती कातडीत शिरत होती. खांबांवर बुरशीनाशक मारले, मजुरांना पोटॅशियम आयोडाइड दिले आणि साथ संपली. आपल्याकडे हा आजार हिमालयाच्या पायथ्याशी, हिमाचलात आणि आसामात आढळतो. काटा टोचला आणि काही आठवड्यांनी हातावर गाठींची रांग चढत गेली, तर तो आठवावा.

महाराष्ट्राचा काट्याशी संबंध निराळा आहे आणि त्यातून येणाऱ्या बुरशीला नाव देणारा माणूसही इथलाच म्हणावा लागेल. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. शरीररचनाशास्त्राचा जगप्रसिद्ध 'ग्रेज ॲनाटॉमी' हा ग्रंथ १८५८ साली निघाला, त्यातली चित्रे याने काढली. नाव झाले ग्रे यांचे. कार्टर त्याच वर्षी मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि पुढे साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांचे सुजलेले, भोके पडलेले पाय त्याने इथे पाहिले. मदुराईच्या दवाखान्यातून १८४२ सालीच अशा पायांचे वर्णन आले होते, म्हणून 'मदुरा फूट' हे नाव पडले. कार्टरने पायांची चिरफाड करून आतले कण पाहिले, रेखाटले, आजाराला 'मायसेटोमा' म्हणजे बुरशीची गाठ असे नाव दिले आणि १८७४ साली त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याच्या नमुन्यांत वाढलेल्या एका लाल बुरशीला विलायतेतल्या तज्ज्ञांनी त्याचेच नाव दिले. पुढे ती हवेतून येऊन पडलेली भलतीच बुरशी निघाली. असे आजही आमच्या प्रयोगशाळांत होते.

हे पाय संपलेले नाहीत. सोलापूरकडचे, मराठवाड्यातले रुग्ण अजून येतात. बाभळीचा काटा कधीतरी मोडलेला असतो, तो आठवतही नाही. पाय सुजतो, पण दुखत नाही. न दुखणे हाच या आजाराचा खरा धोका. भोके पडतात, त्यांतून कण गळतात. एक आजोबा मला म्हणाले होते, "मॅडम, पायातून मोहरी सांडती." मोहरीसारखे काळे कण म्हणजे जवळजवळ नक्की बुरशी. पांढरे किंवा पिवळे असतील तर बहुधा बुरशीसारखे दिसणारे जिवाणू, आणि मग साध्या प्रतिजैविकांनी काही महिन्यांत पाय वाचू शकतो. बुरशी असेल तर वर्ष-दोन वर्षे औषध आणि शस्त्रक्रिया. म्हणजे पाय राहणार की जाणार याचा निकाल बराचसा त्या कणाच्या तपासणीवर असतो. तरी किती जणांना हाडाचा टीबी म्हणून औषधे दिलेली असतात! जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला उपेक्षित आजारांच्या यादीत घेतले ते २०१६ साली. कार्टरच्या ग्रंथाला तोवर १४२ वर्षे झाली होती.

ऊसतोडीच्या हंगामात नेत्रविभागातले माझे सहकारी वैतागलेले असतात. पाचटाची कड डोळ्याला लागते आणि बुबुळावर बुरशी रुजते. बुबुळ पारदर्शक असते ते त्यात रक्तवाहिन्या नसतात म्हणून. पण त्यामुळेच पांढऱ्या पेशींची फौज तिथे उशिरा पोहोचते. माणूस कितीही दणकट असला तरी त्याचे बुबुळ हे असे राखण नसलेले शेत. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब घेऊन घातले की लाली उतरते, बरे वाटते आणि त्या चार दिवसांत बुरशी बुबुळ पोखरून टाकते. खरवडून काचपट्टीवर घेतलेल्या नमुन्यात बुरशीचे धागे दिसायला दहा मिनिटे लागतात. नॅटामायसिन हे जुने थेंब व्होरिकोनॅझोल या नव्या, महागड्या औषधापेक्षा सरस ठरतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः तमिळनाडूत झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले आहे.

मेंदूत गळू करणारी एक काळी बुरशी आहे, क्लॅडोफिॲलोफोरा. कोविडमधल्या 'काळ्या बुरशी'शी तिचे काही नाते नाही; ही मात्र रंगाने खरोखर काळी असते. जगातले तिचे रुग्ण मोठ्या संख्येने भारतातले, आणि त्यांतले बरेच आधी पूर्ण निरोगी. तरुण माणसाला फिट येते, स्कॅनमध्ये गाठ दिसते, टीबीची गाठ म्हणून औषध चालू होते. निम्म्याहून अधिक दगावतात. आणि २०२३ साली कोलकात्यातून प्रसिद्ध झालेली ती नोंद अनेकांनी वाचली असेल : ६१ वर्षांचे, मधुमेह वगैरे काही नसलेले वनस्पती-बुरशींचे एक अभ्यासक; आवाज बसला, गिळायला त्रास, मानेत गळू. पुवात निघाली ती गुलाब कुळातल्या झाडांची पाने रुपेरी करणारी बुरशी, जी तोवर माणसात कोणी पाहिली नव्हती. गळू काढून दोन महिने औषध घेतल्यावर ते बरे झाले. वर्तमानपत्रांनी त्यावर 'झाडांचा रोग माणसांत' असे मथळे दिले. माझ्या मते त्यातली बातमी दुसरीच होती : कोणीतरी पू कल्चरला पाठवला होता, आणि ओळख पटेना तेव्हा तो कचऱ्यात न टाकता पुढच्या प्रयोगशाळेत धाडला होता.

कारण गाडी अडते ती इथे. शरीरातून तुकडा काढला, की तो आमच्याकडे सवयीने फॉर्मालिनच्या बाटलीत जातो. पॅथॉलॉजिस्टला तो तसाच हवा असतो, पेशी जशाच्या तशा राहतात. पण फॉर्मालिनमध्ये जिवंत काही उरत नाही. तुकडा त्यात पडला की बुरशी मेली आणि तिच्याबरोबर तिचे नावही गेले. मग अहवालात येते 'बुरशीचे धागे आढळले'. कोणत्या बुरशीचे? ते कळल्याशिवाय औषध निवडणे म्हणजे अंदाज. ॲस्परजिलसला चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरला चालत नाही. वडीलधाऱ्या सर्जनपासून काल आलेल्या रेसिडेंटपर्यंत सगळ्यांना हे माहीत असते, तरी गर्दीच्या दिवशी ओटीत एकच बाटली ठेवलेली असते. तुकड्याचा एक भाग साध्या सलाईनमध्ये टाकून सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पाठवायचा, एवढेच करायचे आहे. खर्च काही रुपयांचा. तिथेही तो वाटायचा नसतो, बारीक चिरायचा असतो. म्युकरसारख्या बुरशीचे नाजूक धागे वाटताना चिरडून मरतात. आणि कल्चर दोन दिवसांत 'काही उगवले नाही' म्हणून फेकायचे नसते, चार ते सहा आठवडे थांबायचे असते. उगवलेली बुरशी ओळखू आली नाही तर चंडीगडच्या पीजीआयमध्ये तिचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे पाठवता येते.

दुसरी अडचण एका शब्दाची आहे, 'ग्रॅन्युलोमा'. शरीराला एखादा जंतू मारता येत नाही तेव्हा ते त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधते, तो हा ग्रॅन्युलोमा. अहवालात हा शब्द दिसला की आम्ही टीबी वाचतो. पण भिंत बुरशीभोवतीही अशीच बांधली जाते. हिस्टोप्लाझ्मात तर ती टीबीसारखी मधोमध सडतेही. बुरशीसाठीचे खास रंग मुद्दाम सांगून करून घ्यावे लागतात. शिवाय टीबीची औषधे मोफत आहेत आणि हाताशी आहेत, बुरशीच्या एका इंजेक्शनच्या कुपीला हजारो रुपये पडतात. मोह कोणत्या बाजूला होणार हे उघड आहे. दोन्ही औषधे एकदम देऊन टाकू, जे असेल ते बरे होईल, असेही चालत नाही. रिफाम्पिसिन इट्राकोनॅझोलला रक्तात टिकूच देत नाही.

हे वाचून कोणी टीबीची गोळी बंद करू नये, ही माझी कळकळीची विनंती. आपल्याकडे टीबी या सगळ्या बुरशींपेक्षा कितीतरी पटींनी अधिक आहे, आणि सीबीनॅट चाचणीत टीबी सिद्ध झाला असेल तर शंकेला फारशी जागा नाही. पण पुराव्याशिवाय, नुसत्या अंदाजाने औषध चालू असेल आणि दोन महिन्यांत उतार पडत नसेल, तर डॉक्टरांना विचारा : तुकडा कल्चरला गेला होता का? बुरशीचा रंग केला का? प्रश्न विचारला म्हणून मला तरी राग येत नाही. आधीच्या बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. वर्षांनंतरही त्यावर नवे रंग करता येतात. आणि आम्ही विचारले नाही तरी सांगा : कुठे काटा लागला, कुठल्या गुहेत किंवा जुन्या वाड्यात झाडलोट केली, नोकरी कोणत्या राज्यांत झाली.

'निरोगी' हा शब्दही मी आता जरा सांभाळून वापरते. २००९ साली एका इराणी कुटुंबात असे आढळले, की कार्ड-९ नावाच्या एका जनुकातल्या दोषामुळे माणूस बाकी सर्व जंतूंशी नीट लढतो, पण काही बुरशींपुढेच हरतो. अशा माणसाच्या नेहमीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात. तेव्हा तरुण, सुदृढ माणसाला खोलवरची बुरशी झाली, तर आता आम्ही घरात नात्यात लग्ने झाली आहेत का, भावंडांपैकी कोणाला असे काही झाले होते का, हेही विचारतो.

सुभेदारांना पहिले दोन आठवडे ॲम्फोटेरिसिन दिले, मग वर्षभर इट्राकोनॅझोल. ईसीएचएसमुळे औषधाचा खर्च निभावला. वजन परत आले. ग्रंथी मात्र परत आल्या नाहीत. स्टेरॉइडची गोळी जन्मभर घ्यावी लागेल आणि तापात ती वाढवावी लागेल, असे एक कार्ड ते खिशात ठेवतात. दर तीन महिन्यांनी येतात तेव्हा पत्नी आधी सांगते, "मॅडम, लोणचं आता घरात दोन-दोन महिने टिकतंय."

या आठवड्यात वॉर्डात एक अंगणवाडी सेविका दाखल आहेत, वय ३८. वर्षभर उजवा डोळा हळूहळू पुढे येतोय, दुखत नाही, दिसायला मात्र कमी झालेय. शुगर नॉर्मल, एचआयव्ही निगेटिव्ह. नाकामागच्या पोकळीत गाठ आहे. दुसऱ्या एका ठिकाणी तुकडा काढला होता. अहवालात 'ग्रॅन्युलोमा' आहे आणि सहा महिन्यांची टीबीची औषधे घेऊन झाली आहेत. आमच्या पॅथॉलॉजिस्टने त्याच काचांवर चांदीचा रंग केला तेव्हा धागे दिसले. ॲस्परजिलस असावा, निरोगी माणसात नाकामागून डोळ्याकडे असा संथपणे सरकणारा तो आपल्याकडे दिसतो. पण तेव्हा सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला होता, त्यामुळे नाव खात्रीने सांगता येत नाही. त्यांना पुन्हा भूल द्यावी लागणार आहे. उद्या सकाळी साडेनऊला ईएनटीचे सहकारी तुकडा काढतील. ओटीतल्या सिस्टरना मी संध्याकाळी फोन केला, तर त्या म्हणाल्या, "मॅडम, दोन बाटल्या काढून ठेवल्यात. एकीवर मोठ्या अक्षरांत सलाईन लिहिलंय."